अनलिमिटेड पॅकची मर्यादा कुणासाठी?

रात्रीचे साडेआठ वाजलेत. हिमायतनगरातल्या एका घरात दोन फोन आहेत. दोन्हींत एकाच कंपनीचं सिम, दोन्हींवर ‘अनलिमिटेड’ पॅक. पहिल्या फोनवर दुपारीच संदेश आला, आजचा शंभर टक्के डेटा वापरून झाला. त्यावर आता साधं बातमीचं पानही उघडेना. दुसऱ्या फोनचा निम्म्याहून जास्त डेटा शिल्लक आहे, रेंजच्या काड्याही भरलेल्या आहेत, तरी त्यावरचा व्हिडिओ दर दहा सेकंदांनी अडतोय. पहाटे पाचला उठून बघावं तर दोन्ही फोन सुसाट.

घरातले म्हणतात, ‘नेट स्लो झालं.’ पण या दोन फोनांचं दुखणं एक नाही. पहिल्याचा वेग कंपनीने मुद्दाम कमी केलाय. दुसऱ्याचा वेग गर्दीने पडलाय. कंपन्या या दोन गोष्टी एकाच वाक्यात गुंफतात: सगळ्यांना नीट सेवा मिळावी म्हणून प्रत्येकाच्या वापराला मर्यादा घालावी लागते. हे कितपत खरं आहे हे समजायचं तर आधी टॉवर काय काम करतो ते पाहावं लागेल.

टॉवर नेमकं काय वाटतो?

टॉवरमध्ये डेटा साठवलेला नसतो. टॉवरकडे असतो तो लहरींचा एक पट्टा, म्हणजे स्पेक्ट्रम. कंपन्या तो सरकारकडून लिलावात घेतात. टॉवरवर साधारण तीन दिशांना अँटेना असतात आणि प्रत्येक दिशेचा भाग वेगळा चालतो. आपला फोन ज्या भागात येतो, त्या भागातले सगळे फोन तोच एक पट्टा वापरतात.

वाटणी कशी होते? ४जीमध्ये टॉवर दर एक हजारांश सेकंदाला नव्याने ठरवतो की पट्ट्याचा कुठला तुकडा कुठल्या फोनला द्यायचा. दहा मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्याचे पन्नास तुकडे पडतात, वीसचे शंभर. एका सेकंदात हजार वेळा ही वाटणी होते. तीनच फोन काही मागत असतील तर प्रत्येकाला भरपूर तुकडे मिळतात. तीनशे मागायला लागले तर प्रत्येकाची पाळी उशिरा येते आणि व्हिडिओ अडतो.

यात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. टॉवरजवळच्या फोनला सिग्नल स्वच्छ मिळतो, म्हणून एका तुकड्यात जास्त माहिती कोंबता येते. चार किलोमीटरवरच्या शेतात, टेकाडाआड उभ्या असलेल्या फोनशी टॉवरला सावकाश, सोप्या सांकेतिक भाषेत बोलावं लागतं. तीच एक जीबी तिथवर पोचवायला टॉवरचे कितीतरी जास्त तुकडे खर्ची पडतात. म्हणजे मीटरवर एक जीबी सारखीच दिसली तरी टॉवरवरचा तिचा भार सारखा नसतो.

टॉवरच्या पुढेही एक रस्ता असतो. टॉवरपासून कंपनीच्या मुख्य जाळ्यापर्यंत फायबर असेल तर तो रस्ता रुंद. खेड्यापाड्यांत बऱ्याच ठिकाणी हे काम एका टॉवरवरून दुसऱ्या टॉवरवर रोखलेल्या मायक्रोवेव्हच्या गोल तबकडीवर चालतं. तिची क्षमता फायबरपेक्षा खूपच कमी. मग फोनवर रेंज पूर्ण दिसते, पण माहिती पुढे सरकत नाही. रेंजच्या काड्या फक्त फोन आणि टॉवर यांच्यातला सिग्नल दाखवतात, पुढच्या रस्त्याबद्दल त्या काहीच सांगत नाहीत.

डीपीवरचा भार आणि मीटरवरचं युनिट

हे सगळं शेतातल्या डीपीसारखं, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरसारखं आहे. हिमायतनगर, हदगाव, भोकरकडच्या शेतकऱ्याला डीपी का जळते हे सांगावं लागत नाही. रात्रीच्या पाळीत लाईट आली की ऑटो लावलेल्या सगळ्या मोटारी एका क्षणी चालू होतात आणि डीपीवर तिच्या ताकदीपेक्षा जास्त भार येतो. म्हणून तर स्टार्टरचे ऑटो काढा, असं महावितरण पुन्हा पुन्हा सांगतं. महिन्याभरात कुणी किती युनिट जाळले याच्याशी डीपी जळण्याचा संबंध नसतो. त्या घडीला किती अश्वशक्तीच्या मोटारी एकदम चालल्या, याच्याशी असतो.

युनिट म्हणजे जीबी. अश्वशक्तीचा भार म्हणजे त्या घडीचा वेग. टॉवरवर ताण येतो तो भाराचा, आणि आपल्या पॅकवर मर्यादा आहे ती युनिटांची. सगळी गोम इथे आहे.

एक सोपा हिशेब मांडू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, एखाद्या ठरावीक टॉवरचे नाहीत. समजा टॉवरच्या एका भागाची प्रत्यक्षातली सरासरी क्षमता २० एमबीपीएस आहे, म्हणजे सेकंदाला अडीच एमबी, तासाला ९ जीबी. संध्याकाळी सात ते अकरा हे चार तास घेतले तर ३६ जीबी. या भागात नेट वापरणारे शंभरच लोक आहेत आणि प्रत्येकाचा पॅक रोज दीड जीबीचा आहे. शंभरांनी या चार तासांत आपापला फक्त निम्मा डेटा, म्हणजे पाऊण जीबी, वापरायचं ठरवलं तर मागणी होते ७५ जीबी. टॉवर देऊ शकतो ३६. एकानेही मर्यादा ओलांडलेली नाही, तरी शंभरही जण अडकले.

आता उलट बाजू बघा. कुणीतरी पहाटे दोनला उठून दीड जीबीचा चित्रपट उतरवून घेतला. त्या वेळी टॉवर मोकळा होता. त्या क्षणी न वापरलेली क्षमता पुढे साठवता येत नाही, ती वायाच जाते. या माणसाने कुणाच्या वाटणीचं काही घेतलं नाही. पण त्याचा दिवसाचा कोटा संपला आणि पुढच्या मध्यरात्रीपर्यंत तो कमी वेगात अडकला. दुसऱ्याने रात्री नऊला, ऐन गर्दीत, एक जीबी ओढली. टॉवरचा खरा भार त्याने वाढवला, आणि मर्यादेचा नियम त्याच्याकडे बघतही नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. गर्दीच्या वेळी सगळ्यांना थोडं थोडं मिळावं म्हणून जास्त ओढणाऱ्याला आवरणं योग्यच आहे, कारण लहरींचा पट्टा खरोखरच मर्यादित आहे. पण रोजची जीबी-मर्यादा ते काम करत नाही. ती गर्दी मोजतच नाही, मग गर्दीचा न्याय ती करणार कशी? तिचं खरं काम दुसरं आहे, आणि ग्राहकाला ते त्याच नावाने सांगितलं गेलं पाहिजे.

आपला कोटा कोण मोजतं?

आपण किती डेटा वापरला हे गावातल्या टॉवरला माहीत नसतं. ती मोजणी दूरच्या मुख्य केंद्रात होते. फोनकडे येणारी आणि फोनकडून जाणारी सगळी माहिती तिथल्या एका नाक्यावरून जाते. त्या नाक्यावर प्रत्येक सिमचं खातं असतं: कुठला पॅक, आज किती वापर झाला, किती उरला. पाहिलेला व्हिडिओ, पाठवलेला फोटो, मागे आपोआप झालेलं अॅपचं अपडेट, न मागता आलेली जाहिरात, सगळं एकाच खात्यात जमा होतं.

कोटा संपला की त्या खात्याचा नियम बदलतो. नाक्यावरचं यंत्र आपली माहिती रोखून धरतं आणि ठरलेल्या वेगानेच पुढे सोडतं. जास्त साठली तर काही भाग टाकून देतं. फोनला तो भाग पुन्हा मागावा लागतो. तोवर अॅपचा धीर संपतो आणि ‘पुन्हा प्रयत्न करा’ असं पडद्यावर येतं.

मध्यरात्री खातं शून्यावर येतं. कालची उरलेली जीबी गेली, आजची नवी सुरू झाली. हा कमी केलेला वेग टॉवर भरलेला असो वा ओस पडलेला, सारखाच लागू असतो, कारण नाक्याला टॉवरवरच्या गर्दीशी काही देणंघेणं नसतं.

---

चौकट: ६४ केबीपीएसमध्ये काय होतं?

कोटा संपल्यावर बहुतेक खासगी कंपन्यांच्या पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. बीएसएनएलच्या बऱ्याच पॅकमध्ये तो ४० असतो. ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ८ केबी.

व्हॉट्सअॅपचा नुसता मजकूर: लगेच जातो.

२०० केबीचा फोटो: सगळं सुरळीत चाललं तर २५ सेकंद.

५ एमबीची पीडीएफ: सुमारे साडेदहा मिनिटं.

१०० एमबीचं अॅप: जवळजवळ साडेतीन तास.

चोवीस तास एक क्षणही न थांबता चालवलं तरी: जास्तीत जास्त ६९१ एमबी. ४० केबीपीएसवर ४३२ एमबी.

---

शेवटची ओळ पुन्हा वाचावी. दीड जीबीच्या पॅकवर कोटा सकाळी संपला काय अन् दुपारी, उरलेल्या दिवसात आणखी पाऊण जीबीही मिळवणं शक्य नाही. गणिताने ठरलेली ही कमाल आहे. ज्या पॅकला दिवसाची अशी कमाल आहे त्याला अमर्याद म्हणून विकणं मला पटत नाही. तळटीप कितीही अचूक असली तरी पटत नाही, कारण माणूस पॅक घेतो तो वर ठळक छापलेला शब्द वाचून.

रोजचा कोटा आला कुठून?

२०१६ च्या आधी आपल्याकडे महिन्याला एक जीबीसाठी साधारण अडीचशे रुपये मोजावे लागत. तेव्हा नेट म्हणजे जपून उघडायची वस्तू होती. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि पहिले काही महिने सगळं फुकट मिळालं. त्या फुकट काळातही मर्यादा होतीच. सुरुवातीला रोज चार जीबी होती, आणि १ डिसेंबर २०१६ ला झालेल्या घोषणेनुसार नव्या वर्षापासून ती रोज एक जीबी झाली. पुढे पैसे लागू झाले तेव्हा रोजच्या कोट्याचाच पॅक रुळला आणि बाकीच्या कंपन्यांनीही तो उचलला. ‘महिन्याला एक जीबी’ची सवय असलेल्याला ‘रोज एक जीबी’ अमर्यादच वाटली असेल, यात नवल नाही.

मर्यादेमागे खरा खर्च कुठला असतो, हे ओळखायला फोन-कॉलची गोष्ट कामाची आहे. ‘अनलिमिटेड कॉल’च्या पॅकवरही एके काळी मर्यादा होत्या. एअरटेल-व्होडाफोनच्या पॅकमध्ये दिवसाला अडीचशे-तीनशे मिनिटं, आठवड्याला हजार-बाराशे मिनिटं अशा अटी असत. बीएसएनएलची दिवसाला २५० मिनिटांची अट तर २०२१ पर्यंत टिकली. यामागचं एक मोठं कारण होतं दुसऱ्या कंपनीच्या नंबरवर कॉल गेला की त्या कंपनीला मिनिटामागे द्यावे लागणारे सहा पैसे. १ जानेवारी २०२१ ला हे शुल्क रद्द झालं. १० जानेवारीला बीएसएनएलने आपली अट काढून टाकली. खर्च गेला, मर्यादा गेली.

डेटाच्या बाबतीत असा मिनिटामागचा किंवा जीबीमागचा सरळ खर्च जवळजवळ नसतोच. स्पेक्ट्रम, टॉवर, डिझेल, वीज, फायबर हा सगळा खर्च आधीच होऊन गेलेला असतो किंवा वापर होवो न होवो चालूच राहतो. टॉवर गच्च भरला की क्षमता वाढवण्याचा नवा खर्च मात्र येतो. म्हणजे फिरून आपण गर्दीच्याच घडीपाशी येतो.

मग रोजचा कोटा कशासाठी? दरपत्रक वाचलं की उत्तर मिळतं. ३ जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर जिओचा २८ दिवसांचा रोज दीड जीबीचा पॅक २३९ वरून २९९ रुपयांवर गेला आणि रोज दोन जीबीचा ३४९ वर. दोन्हींत फरक ५० रुपयांचा. त्यात २८ दिवसांत १४ जीबी जास्त मिळतात, म्हणजे जीबीला साडेतीन रुपयांच्या आसपास. पण मधल्याच एखाद्या दिवशी कोटा संपला आणि एका जीबीचं जास्तीचं व्हाउचर घेतलं तर त्याच वेळी त्याची किंमत होती १९ रुपये. जी जीबी आधी घेतली तर साडेतीनला पडते, ती अडल्यावर पाचपटीहून महाग. एकाच जागी, एकाच वेळी वापरल्या तर टॉवरला दोन्ही जीबी सारख्याच. कोटा ही ग्राहकाला खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर चढवायची शिडी आहे.

दुकानदाराने असं करण्यात बेकायदा काही नाही. कंपन्यांचीही एक बाजू आहे, आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. काहीच बंधन नसेल तर एक सिम घेऊन कुणी हॉटस्पॉटवर सगळी गल्ली चालवेल, आणि त्याचा भार थोडकं वापरणाऱ्याच्या दरावर पडेल. कोट्यामुळे पॅक वेगवेगळ्या किमतींचे ठेवता येतात आणि कमी वापरणाऱ्याला स्वस्त पॅक मिळतो. ही विक्रीची सोय म्हणून मान्य करता येईल. तिला ‘सगळ्यांना समान न्याय’ म्हणणं मान्य होणार नाही.

कंपन्यांच्या स्वतःच्या वागण्यातही हे दिसतं. व्होडाफोन-आयडियाने रात्री बारा ते सकाळी सहा या वेळेतला वापर कोट्यात न धरणारे पॅक काढले, शिवाय सोमवार ते शुक्रवार उरलेला डेटा शनिवार-रविवारी वापरायची सोय दिली. त्याआधी बीएसएनएलच्या तारेवरच्या ब्रॉडबँडमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ मोफत असे, आणि कित्येक घरांत गजर लावून पहाटे डाउनलोड चालत. रात्रीची क्षमता रिकामी असते हे सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे.

गावाला हा कोटा जास्त का बोचतो?

शहरातल्या घरात भिंतीवर वायफायची पेटी असते. घरच्या फायबरवरही मर्यादा आहे, पण जिओच्या फायबर पॅकमध्ये ती महिन्याला ३,३०० जीबीची आहे. दीड जीबीचा मोबाइल पॅक २८ दिवसांत ४२ जीबी देतो. शहरात मोबाइलचा डेटा घराबाहेर पडल्यावर लागतो. आपल्या या हिमायतनगर तालुक्यात, गाव सोडून वाडी-तांड्यावर गेलं की मोबाइल हीच घरातली एकमेव लाइन असते. पोरांचा अभ्यास, आईची भजनं, बापाचा सोयाबीनचा भाव, सगळं त्या ४२ जीबीत.

५जीने ही दरी आणखी रुंद केली. १ ऑक्टोबर २०२२ ला देशात ५जी सुरू झाल्यावर जिओ आणि एअरटेलने त्यावर रोजचा कोटा न ठेवता डेटा दिला. ते परवडलं कारण ३,३०० मेगाहर्ट्‌झजवळच्या नव्या पट्ट्यात एकेका कंपनीकडे शंभर-शंभर मेगाहर्ट्‌झची रुंदी होती आणि तो पट्टा सुरुवातीला ओस होता. गर्दी नाही तर कोटा लागत नाही, याचा यापेक्षा ढळढळीत पुरावा कुठला हवा? जुलै २०२४ पासून मात्र ही सवलत रोज दोन जीबी आणि त्यावरच्या पॅकपुरती ठेवली गेली. म्हणजे ज्याच्याकडे ५जी फोन आहे, जो ५जी टॉवरच्या जवळ राहतो आणि ज्याने महागडा पॅक घेतला त्याला रोजचा कोटा नाही. तेवढेच ३४९ रुपये भरणारा, पण ४जीच्याच रेंजमध्ये असलेला माणूस दोन जीबी संपली की ६४ केबीपीएसवर. पैसे सारखे, वस्तू वेगळी.

आणि आता नेट ही करमणुकीपुरती गोष्ट उरलेली नाही. ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याला ई-पीक पाहणी स्वतः अॅपवरून करावी लागते. बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि पाठवायचा. मुदत संपत आली की तालुक्याचा तालुका एकाच आठवड्यात शेतातून फोटो पाठवायला लागतो, तोही टॉवरपासून लांब, कमजोर सिग्नलवर. म्हणजे एकेक फोटो टॉवरला महागात पडतो. सकाळी मुलाने अभ्यासाचे व्हिडिओ बघून कोटा संपवला असेल तर संध्याकाळी तोच फोन शेतात घेऊन गेलेल्या बापाला फोटो चढवता येत नाही. पीएम-किसानचं केवायसी, लाडकी बहीणचं केवायसी, परीक्षेचे अर्ज यांचीही तीच गत. महाशिवरात्रीला हिमायतनगरच्या परमेश्वराच्या यात्रेत तर गावात माणूस मावत नाही, तेव्हा कुणाच्या कोट्यात किती उरलंय याला काहीच अर्थ राहत नाही. सगळेच अडतात.

कोट्याला गरज कळत नाही, याचं एक जगभर गाजलेलं उदाहरण २०१८ चं आहे. कॅलिफोर्नियात मोठा वणवा पेटला असताना सांता क्लारा काउंटीच्या अग्निशमन दलाच्या मदत-वाहनाचा डेटा व्हेरायझन कंपनीने कोटा संपला म्हणून मंदावला. पॅक ‘अनलिमिटेड’च होता. आपली चूक झाल्याचं कंपनीने नंतर मान्य केलं.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे मोबाइलचे दर ठरवायची मोकळीक कंपन्यांना आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, दर ठरवत नाही. ग्राहकांत भेदभाव नको आणि माहिती लपवू नका, एवढं बघतं. ३१ ऑक्टोबर २०१६ च्या आदेशात ट्रायने सांगितलं की कोटा किती, त्याआधीचा वेग किती, त्यानंतरचा किती हे कंपनीने स्पष्ट सांगावं आणि कोटा ५०, ९० व १०० टक्के संपल्यावर ग्राहकाला कळवावं. आपल्याला येणारे ते संदेश यातूनच आले. त्याच आदेशात घरच्या तारेवरच्या ब्रॉडबँडचा वेग कोटा संपल्यावरही ५१२ केबीपीएसच्या खाली नेऊ नये, असं बंधन घातलं. मोबाइलला असं बंधन नाही. ६४ च्या आठपट ५१२. शहरातल्या घराला कायद्याने जे मिळालं ते मोबाइलवरच सगळा संसार असलेल्या गावाला मिळालं नाही.

अमेरिकेत एटी अँड टीने ‘अनलिमिटेड’ म्हणून विकलेल्या पॅकचा वेग २०११ पासून कमी करायला सुरुवात केली. तिथल्या व्यापार आयोगाने २०१४ मध्ये खटला भरला. ३५ लाखांहून जास्त ग्राहकांना याचा फटका बसला होता. २०१९ मध्ये कंपनीने सहा कोटी डॉलर देऊन तडजोड केली. या खटल्यादरम्यानच कंपनीने पद्धत बदलली आणि ठरावीक वापरानंतर वेग कमी होईल, पण तुमच्या टॉवरवर गर्दी असेल तेव्हाच, असं धोरण घेतलं. जर्मनीत कोलोनच्या न्यायालयाने २०१३ मध्ये डॉइच टेलिकॉमला सपाट दराच्या नावाने विकलेल्या घरच्या इंटरनेटचा वेग कोट्यानंतर पाडण्याची अट वापरायला मनाई केली.

मग काय बदलता येईल?

पहिली गोष्ट, कोटा संपल्यावर वेग सरसकट पाडू नये. त्या फोनला फक्त रांगेत मागे ठेवावं. टॉवर मोकळा असेल तर त्यालाही पूर्ण वेग मिळेल आणि गर्दी झाली की ज्यांचा कोटा शिल्लक आहे त्यांना आधी मिळेल. टॉवर हजारांश सेकंदाला वाटणी करतोच, त्यात कुठल्या फोनला पुढे घ्यायचं हे सांगायची सोय ४जीच्या रचनेतच आहे. नवं यंत्र लागत नाही.

दुसरी, मोबाइललाही किमान वेगाचं बंधन हवं. ५१२ केबीपीएसवर ५ एमबीची पीडीएफ दीड मिनिटाच्या आत उतरते, पिकाचा फोटो चढतो, सरकारी पान उघडतं. चित्रपट बघता येणार नाही, आणि तो बघता यावा असा हट्टही नाही.

तिसरी, उरलेला डेटा मध्यरात्री बुडू नये. २८ दिवसांचे पैसे एकदम घेतले असतील तर ४२ जीबी २८ दिवसांत कधीही वापरता याव्यात. कंपन्या म्हणतील, मग महिनाअखेर सगळे एकदम वापरतील. पण प्रत्येकाच्या रिचार्जची तारीख वेगळी असते, त्यामुळे तसा लोंढा येण्याचं कारण नाही.

एक मोहाची वाट टाळायला हवी. ‘सरकारी अॅपांना कोट्यातून सूट द्या’ ही मागणी सोपी आणि गोड वाटते. पण आज सरकारी अॅपला सूट, उद्या कंपनीच्याच व्हिडिओ-अॅपला. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने मजकुरानुसार वेगळा दर लावायला बंदी घातली ती याच भीतीने. निवडक संकेतस्थळं फुकट दाखवणारी फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ सेवा आपल्याकडे बंद पडली ती या नियमामुळे. आपत्तीच्या काळातल्या तातडीच्या सेवांपुरती मोकळीक नियमात आहे, तेवढी पुरे. किमान वेग सगळ्यांसाठी आणि सगळ्यासाठी असावा, हाच सरळ मार्ग.

तोवर तक्रार कशी करायची?

आधी आपलं दुखणं कुठलं ते ओळखा. कोटा शिल्लक असताना रोज संध्याकाळी वेग पडत असेल तर प्रश्न टॉवरच्या क्षमतेचा आहे. वरचा पॅक घेऊन तो सुटणार नाही, कारण टॉवर तोच राहतो. ट्रायच्या मायस्पीड अॅपवर तीन-चार दिवस संध्याकाळी आणि पहाटे वेग मोजून ठेवा. तारीख, वेळ आणि शिल्लक डेटा यांचा स्क्रीनशॉट घ्या. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून तक्रार क्रमांक मागा, तो न देण्याची मुभा त्यांना नाही. तिथे समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे लिहा. त्यापुढे नांदेडचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. टेलिकॉम कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही असं सांगून पूर्वी लोकांना परत पाठवलं जाई. १६ फेब्रुवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोन-आयडियाच्या प्रकरणात निकाल दिला की जाता येतं.

कोटा संपून वेग पडत असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये कुठलं अॅप किती डेटा खातं ते बघा. बहुतेकदा व्हॉट्सअॅपवर आपोआप उतरणारे व्हिडिओ आणि मागे चालणारी अपडेट्स निम्मा कोटा नेतात. ती बंद करता येतात. ई-पीक पाहणीच्या मुदतीच्या आठवड्यात मोठी डाउनलोडं पहाटेवर ढकला आणि फोटो सकाळी लवकर, टॉवर मोकळा असताना चढवा. एका गावच्या दहा-वीस जणांनी मिळून संध्याकाळच्या वेगाच्या नोंदी एकाच तक्रारीला जोडल्या तर कंपनीला तो एका फोनचा दोष म्हणून बाजूला सारता येत नाही.